गळ्याचं माप

पाटी

टायसननं देवघरातली शेणानं सारवलेली पाटी तोंडात धरून अंगणातून ओढत नेली आणि उसाच्या कडेला बसून खायला सुरुवात केली.

तुळजाबाई ओसरीवरून ओरडल्या. "हाड! हाड मुडद्या! देवाची हाय ती!"

कुत्रं ऐकेना. पाटीवरचं सारवण त्यानं दातांनी पाडलं, थुंकलं, आणि आतलं काहीतरी पुढच्या दोन पायांत धरून दाढेखाली घेतलं. हाडूक चघळावं तसं. डोळे मिटून.

तुळजाबाई अंगणाच्या मध्यापर्यंत गेल्या. तिथून पुढं गेल्या नाहीत.

उसाच्या कडेला कुणीच जात नव्हतं. दिवाळी सरता सरता पलीकडच्या वस्तीवर शेतशेजारी बाळासोच्या भावाची नात गेली. तुळजाबाईंच्या नातीच्या, ऋतिकाच्या वर्गातली. आजोबा अंगणात चूळ भरत होता, पोरगी त्याच्या मागं टॉवेल धरून उभी होती. तोंडातलं पाणी टाकून तो टॉवेल घ्यायला वळला. टॉवेल होता. जमिनीवर.

त्यानंतर पिंजरा आला. पिंजऱ्यात शेळी आली. शेळी ओरडून ओरडून गप्प झाली आणि निवांत रवंथ करायला लागली. बिबट्या आला नाही. शाळा उशिरा भरून लवकर सुटायला लागली. मग गळ्याचे पट्टे आले. रेक्झिनचे. बाहेरच्या अंगाला खिळे, मागं वेल्क्रो. बिबट्या मान धरतो, आणि खाली वाकलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही, असं म्हणतात. कांद्याच्या लागणीत बाई दिवसभर वाकलेलीच असते.

शितल, तुळजाबाईंची सून, तशीच वाफ्यातून आली. गळ्यात पट्टा, एका हातात ताट, दुसऱ्या हातात काठी, ताट वाजवत. सरळ उसापर्यंत गेली, टायसनच्या पेकाटात लाथ घातली, पाटी उचलली.

उचलली आणि तिथंच उभी राहिली.

"ये की माघारी! तिथं काय बघत बसलीस?"

"आत्या," शितल म्हणाली, "ही बांबूची न्हाई."

कातडं

टबात बुडवली. शेण सुटलं. शेणाखाली कागदाचा लगदा, त्याला मेथीचा वास. लगद्याखाली परत शेण. त्याखाली चुना. त्याखाली

काळं. सुरकुतलेलं. वादीनं शिवलेलं.

तुळजाबाईंनी हात बाहेर काढला आणि पदराला पुसला. मग पदराकडं बघितलं. मग पदर धुतला.

"कातडं हाय," शितल म्हणाली.

"न्हाई."

"हात लावून बघा."

"हात काय लावू? सारी हयात लावलाय हात."

"ह्याच्यात घट बसवत होता तुम्ही. घटाची माती ह्याच्यात. चंपाषष्ठीचा नैवेद्य ह्याच्यात."

"शितल, गप."

"मी नवी नवरी. अडचण आलेली मला कळलं न्हाई आन् पाटीला हात लागला. तर सगळ्या पावण्यांपुढं म्हणला तुम्ही, पाटी बाटवली. मामांपुढं. मला न्हाणीत कोंडल्यावानी बसवलं."

"गप बस म्हणती ना मी."

"जनावराचं कातडं चाललं देवाला. मी न्हाई चालले."

मारुतराव, शितलचे सासरे, दारात उभे होते. त्यांनी टबाकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, सुनेकडं बघितलं नाही. "ऋतिका, चल बाळा, टीव्ही लावू," म्हणाले. टीव्हीला लाईट नव्हती. तरी दोघं टीव्हीपुढं जाऊन बसले.

हँडबॅग

शितलचा नवरा ज्ञानेश सणसवाडीच्या कंपनीत प्रेसवर होता. पहिली पाळी करून दिवस मावळायच्या आत घरी आला. आल्या आल्या त्यानं पाटीचा फोटो काढून फोनला विचारलं.

फोन म्हणाला, लेडीज हँडबॅग.

पाटी उलटी ठेवली. फोन म्हणाला, हेल्मेट.

ऋतिकानं लगेच ती डोक्यावर चढवली. काळं पाणी गालांवरून ओघळलं. "मी पोलीस!" असं पाटीच्या आतून आलं, आणि कितीतरी दिवसांनी घरात हसणं झालं. तुळजाबाई हसल्या नाहीत.

हसणं चालू असतानाच बाळासो आला. ऊसतोडीची टोळी कधी येणार, विचारायला. त्याची दाढी वाढली होती. त्याला बघून सगळे हसताना पकडल्यासारखे गप्प झाले.

"हसा की," बाळासो म्हणाला. "हसू नये असं थोडंच हाय."

शितलनं त्याला बसायला पोतं टाकलं.

त्यानं ऋतिकाच्या डोक्यावरची पाटी उचलून मांडीवर घेतली. कशाची म्हणून विचारलं नाही. अंगठ्याचं नख कातड्यात रुतवलं. दाबलं. आणखी दाबलं, नख पांढरं पडेपर्यंत. मग नखाचा ठसा कुठं उमटलाय का, ते उजेडाकडं धरून बघितलं.

"जाड हाय," तो म्हणाला. जरा वेळानं म्हणाला, "ह्यात दात जाईल का?"

ऋतिकाच्या गळ्यात काहीच नव्हतं. वाटलेले सगळे पट्टे मोठ्यांच्या मापाचे. तिला घातला की सरकून खांद्यावर बसायचा. शितलनं घडी घालून शिवला होता, तर रेक्झिन पिळून खिळे आतल्या अंगाला फिरले. पोरीच्या गळ्याला लाल ठिपके उठले. तेव्हापासून पोरगी शाळेव्यतिरिक्त घरात, दाराला कडी. शाळेला जाताना मारुतरावांच्या गाडीवर पुढं, गळ्याला मफलर गुंडाळून. मफलरनं काय होतं, हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

बाळासो गेल्यावर ज्ञानेश म्हणाला, "कापतो."

"कापतो?" तुळजाबाई उठल्या. "कशाचं कातडं, कुणी आणलं, ठावं न्हाई, आन् लेकराच्या गळ्यात घालतोस? गाईचं असलं तर?"

"गाईचं असलं तर बिबट्या चावायच्या आधी इचारील का?"

"ज्ञाना!"

"बरं. मग विचारू कुणाला? फोन तर हँडबॅग म्हणतोय."

मोट

मारुतरावांचे चुलते रखमाजी आबा वस्तीच्या टोकाच्या घरी बाजेवर असत. नजर गेलेली. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर सगळे घोळक्यानं निघाले, मध्ये ऋतिका, कडेनं मोठी माणसं. गुरं हाकताना वासराला मध्ये घेतात तशी.

आबांनी पाटीवर हात फिरवला. वास घेतला. करंगळी शिवणीत घातली आणि शिवणीच्या कडेनं सगळी फिरवून आणली.

"कुठं व्हती रं ही?"

"देवघरात," मारुतराव म्हणाले.

आबा हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, पाणी द्यावं लागलं, ते पाणी नाकात गेलं, तरी हसत होते.

"देवघरात! वैनी, वैनी! काय बाई व्हती!"

"आबा, हाय काय ही?"

"मोट हाय. आपल्या जुन्या हिरीवरली. हे बघ, हितं सोंड व्हती, ती कापून भोक शिवल्यालं हाय. हिरीवर इंजान आलं आन् मोट पडून राह्यली. कातडं तर चांगलं. माझी आई म्हणली, बैलास्नी पेंड चारायला पाटी करून घ्या. तोंड आवळून घेतलं. झाली पाटी. पेंडीची पाटी हाय ही, देव कुठला!"

"मग सारवली कुणी?" तुळजाबाईंनी विचारलं.

"तुझ्या सासूनं."

"कशापायी?"

"तुझ्यापायी. तुझा बाप माळकरी. सोयरिकीत म्हणला, माझ्या लेकीला कातडं-बितडं शिवायला लावू नका. वैनीला पाटी तर टाकवंना. तिनं शेण थापलं. म्हणली, नवी पोरगी हाय, रुळली की सांगू. तर तू आलीस ती लागलीस सारवायला. सण आला की सारव, सण आला की सारव. येक दिस उचलून देवापुढं ठेवलीस. मग वैनी मला म्हणली, भावजी, आता कुठल्या तोंडानं सांगू?"

बाजेची दोरी करकरली. तुळजाबाई टेकल्या होत्या.

"कातडं कशाचं?" ज्ञानेशनं विचारलं.

"म्हशीचं. मोटंला जाडच लागतं." आबांनी पाटी परत केली. "आन् तोंड का पाडता? सारा गाव मोटंचं पाणी पेला. देव त्याच पाण्यानं अंघोळ करत व्हता. काय करणार हाय पाटीचं?"

ऋतिका म्हणाली, "माझा पट्टा."

आबांचं हसू तेवढं थांबलं. त्यांनी हवेत हात पुढं केला. ऋतिका जवळ गेली. पाटीवरून फिरवला होता तसाच हात त्यांनी तिच्या गळ्यावरून फिरवला, कडेकडेनं, सगळीकडून.

"केवढासा हाय," म्हणाले.

माघारी येताना तुळजाबाई सगळ्यांच्या पुढं चालल्या, गळा उघडा. अंगणात आल्यावर त्यांनी पाटी शितलच्या हातात दिली.

"तू काप," म्हणाल्या. "तुझ्या हातानं."

शितलनं त्यांच्याकडं बघितलं. आणखी काही येईल म्हणून थांबली. आलं नाही.

पट्टी

भिजवायचं. करडईचं तेल कोमट करून चोळायचं. उन्हात नाही, सावलीत. परत तेल. सुनेचे हात आणि सासूचे हात एकाच कातड्यावर, बोटाला बोट लागलं की काढून घ्यायचं, मग काढून न घेणं. कातडं तेल पीत होतं. किती पीत होतं! डबा खरवडला, तरी कोरडं ते कोरडंच.

ज्ञानेशनं कंपनीच्या भंगारातून मागून आणलेलं: रिवेट, वॉशर, हातानं भोक पाडायचा पंच. घरचं: दोन इंची खिळे, हातोडी, हॅक्सॉचं पान. गुरुवारी कंपनीला सुट्टी. गुरुवार सकाळ, ओसरी, दाराला कडी, टायसन बाहेर कान टवकारून.

काठाची पट्टी आधी. काठ सगळ्यात जाड. शितलनं कापली, छान निघाली. ज्ञानेशनं गोल वाकवली आणि ती पापड मोडावा तशी मोडली.

शितलनं दोन्ही तुकडे बाजूला सारले.

दुसरी पट्टी कुत्र्यानं चघळलेल्या बाजूची. ती लवचीक होती, कुत्र्याच्या थुंकीनं मऊ झाली असावी. पण तिला दातांची भोकं होती. मारुतराव ती पट्टी डोळ्यांशी नेऊन भोकांतून बाहेर बघत बसले.

"काय करताय?" तुळजाबाई म्हणाल्या.

"कुत्र्याचा दात गेलाय."

"मग?"

"कुत्र्याचा गेलाय म्हंजी..."

"ठेवा ती खाली."

राहिला बुडाचा भाग आणि एक बाजू. बुडाला सोंडेचं शिवलेलं भोक. बाजूला एक लांब पट्टी निघत होती, रुंद. एकच. ज्ञानेशनं खडूनं आखली. मारुतराव म्हणाले, उभी चिरून दोन कर, एक लेकीला, एक शितलला. तिचा रेक्झिनचा फाटलाय.

"नको," शितल म्हणाली.

"अगं, अर्ध्या रुंदीत पण—"

"अर्ध्या रुंदीत अर्धा गळा ऱ्हाईल मामा."

तिनं ऋतिकाला पुढ्यात घेतलं, सुतळी गळ्याभोवती फिरवली, वर हनुवटी, खाली हाड. पोरीला गुदगुल्या झाल्या. ती खांदे आवळून घेत होती आणि माप चुकत होतं.

"नीट उभी ऱ्हा."

"मम्मी, गुदगुल्या—"

"नीट उभी ऱ्हा म्हणलं ना!"

ऋतिकाच्या पाठीत धपाटा बसला. ती रडली. रडताना मान सरळ राहिली, तेवढ्यात माप झालं.

कापली. वाकवली. कातडं कुरकुरलं. मोडलं नाही.

खिळे ठोकताना प्रत्येक घावाला शितल डोळे मिटत होती. आतल्या अंगाला तुळजाबाईंनी आपल्या मऊ पडलेल्या लुगड्याची पट्टी शिवली. शिवता शिवता म्हणाल्या, "कुत्र्याला घालत्यात असलं, मेंढक्याच्या. लोखंडी. मी बघितलंय लहानपणी. कुत्र्याला."

"माहीत हाय," शितल म्हणाली.

पट्टा

ऋतिकाला खाली बघता येत नाही. जेवताना ताट दिसत नाही. आजी घास भरवते, लांबून, हात लांब करून.

ऋतिकाला कुशीवर झोपता येत नाही. काढून झोपवतात, मग ती हाक मारते: मम्मी, घाल.

शाळेत बाई पट्टा काढून फळ्याच्या खिळ्याला टांगतात. पोरं रांगेनं येऊन खिळ्यांना बोट लावून जातात. स्वराज नावाच्या पोरानं रक्त काढून घेतलं आणि त्याची आई भांडायला आली. आली ती पट्ट्याकडं बघत राहिली, म्हणाली, हे कातडं कुठं मिळतं?

ऋतिका आजीच्या मांडीवर येत नाही. पप्पांच्या गळ्यात पडत नाही. पळत येते आणि हातभर अंतरावर थांबते. कुणी शिकवलं नाही.

टोळी

टोळी आली. पाटसकडचं एक रान उरकून, ट्रॅक्टर-ट्रॉलीसकट. ऊस गेला की बिबट्याला आडोसा राहत नाही, म्हणून सगळी वस्ती टोळीची वाट बघत होती. तुळजाबाईंनी मुकादमाला चहा दिला, दुधाचा.

"भाऊ, घराकडनं तोडायला सुरू करा," मारुतराव म्हणाले. "म्हंजी जे काय आत हाय ते रस्त्याकडं जाईल."

मुकादम चहा फुंकत म्हणाला, "मामा, ट्रॉली रस्त्याला. घराकडनं तोडला तर मोळ्या उभ्या उसातनं डोक्यावर कोण वाहील? तुम्ही?"

"पर घरात लेकरू हाय."

"आमची बी लेकरं हायतीच की. ट्रॉलीखाली झोपलीत बघा."

खरंच झोपली होती.

तोड रस्त्याकडून सुरू झाली. रोज ऊस मागं सरकायचा. रोज मोकळं रान वाढायचं, आणि उरलेला उभा तुकडा लहान होत घराजवळ यायचा. ससे निघाले, रानडुक्कर निघालं. ते निघालं नाही. तोडणाऱ्या बायका म्हणायच्या, हाय आत. बसल्याली जागा दिसती, ऊन ऊन लागती हाताला.

टायसन शेवटच्या दिवशी भुंकायचा थांबला आणि बाजेखाली जाऊन बसला.

गावातून गाडी फिरत होती, वर कर्णा: "ग्रामस्थांना कळविण्यात येते की ज्या शेतात ऊसतोड अंतिम टप्प्यात आहे त्या शेताजवळ लहान मुलांना कोणत्याही परिस्थितीत" आणि गाडी वळणावरून पुढं गेली.

शितल कांद्याच्या वाफ्यात होती. तिथून उसाचा उरलेला तुकडा दिसत होता, ओसरीएवढा रुंद. तिनं ठरवलं होतं, शाळा सुटायच्या आत संपंल. मारुतरावांना निरोप दिला होता, पोरीला शाळेतच थांबवा, मी फोन केल्याशिवाय आणू नका.

शाळा लवकर सुटली. बाई कुलूप लावून निघाल्या. मारुतराव पोरीला घेऊन निघाले. वाट एकच, उसाच्या कडेची.

आधी टोळीतला ओरडा आला. "आलं! आलं! आलं!" डबे, कोयते, पत्रे, सगळं एकदम वाजायला लागलं. शितलनं मान वर केली. उसाच्या टोकाला मारुतरावांची गाडी आडवी झालेली, मारुतराव खाली, एक पाय गाडीखाली. ऋतिका वाटेच्या मध्ये उभी. दप्तर पाठीला. मान ताठ. पट्ट्यामुळं मान ताठच.

ती उसाकडं बघत होती.

शितल पळाली. वाफे तुडवत, लावलेलं रोप तुडवत. पळता पळता तिच्या ध्यानात आलं की आपल्या गळ्यात खिळे आहेत आणि पोरीला उचललं तर ते तिच्या तोंडात जातील. डोळ्यात जातील. तिनं मागं हात नेऊन वेल्क्रो ओढला. निघेना. परत ओढला. फाटला. पट्टा वाफ्यात पडला आणि ती उघड्या गळ्यानं वाटेवर आली.

पिवळं काहीतरी उसातून सुटलं.

तिनं बघितलं नाही. पाठ केली त्याच्याकडं आणि ऋतिकाला उचललं, छातीशी घेतलं, गच्च, दोन्ही हातांनी डोकं खाली दाबून घेतलं. पाठीमागून वारा गेल्यासारखं काहीतरी गेलं. मोकळ्या रानात धूळ उठली. माणसं ओरडत त्या बाजूला पळाली. मग ओरडा लांब गेला. मग फक्त मारुतरावांचा आवाज राहिला, "गेलं गं. गेलं. बाळासोच्या उसात शिरलं. शितल, गेलं."

शितल तशीच उभी.

तुळजाबाई घरातून आल्या. नवऱ्यापाशी थांबल्या नाहीत. सुनेच्या पुढ्यात येऊन बघितलं. शितलच्या पोलक्याचा पुढचा भाग ओला होता. हळूहळू खाली ओला होत चालला होता.

"सोड तिला. अगं, सोड."

"गेलं का?"

"गेलं. सोड."

"मम्मी, तुला टोचतंय," ऋतिका म्हणाली. तिचं तोंड आईच्या खांद्यात होतं. ती हलत नव्हती, श्वाससुद्धा धरून होती, म्हणजे आणखी टोचू नये.

"पट्टा काढते तिचा," तुळजाबाई म्हणाल्या. "मागनं काढते. म्हंजी निघंल."

"न्हाई." शितलचे हात आणखी आवळले. "पट्टा न्हाई काढायचा."

"अगं बाई, खिळं गेल्यात आत तुझ्या!"

"जाऊ द्या."

तुळजाबाईंनी मोकळ्या रानाकडं बघितलं. पार रस्त्यापर्यंत दिसत होतं, ट्रॉली दिसत होती, ट्रॉलीखालून उठून उभी राहिलेली लेकरं दिसत होती. वाटेच्या पलीकडं बाळासोचा ऊस उभा होता, शेंड्यांना तुरे आलेला. त्याला अजून टोळी लागली नव्हती.

त्यांनी सुनेची छाती आणि नातीचा गळा यांच्यामध्ये आपला हात सरकवला. तळवा खिळ्यांच्या बाजूला करून. एक खिळा त्यांच्या हातात गेला, तसा त्यांनी तो हात आणखी आत घातला आणि दोघींना जरा जरा लांब करायला सुरुवात केली. पट्टा तसाच ठेवून.

"हळू," त्या म्हणाल्या. "हळू. मी हाय मधी."